'नंतर' आणि 'मागे' : 'गेम ओव्हर' या मालिकेतील काळाचा प्रश्न

१

'गेम ओव्हर' ही अमेरिकन सचेतन विनोदी मालिका मार्च २००४ मध्ये यूपीएन या वाहिनीवर सुरू झाली आणि पाच भागांच्या प्रक्षेपणानंतर बंद करण्यात आली. तयार झालेले भाग एकूण सहा. इतक्या अल्पायुषी कृतीची समीक्षा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, एखाद्या रूपबंधाच्या मर्यादा त्यातील यशस्वी कृतींपेक्षा फसलेल्या कृतींत अनेकदा अधिक स्वच्छ दिसतात. यशस्वी कृती त्या मर्यादांना वळसा घालून जाते. फसलेली कृती त्यांवर आदळते, आणि तेथे भिंत होती हे आपल्याला कळते. 'गेम ओव्हर' कोठे आदळली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे अपयश नवशिक्यांचे नव्हते. मालिकेचे संकल्पक डेव्हिड सॅक्स यांनी 'द सिम्पसन्स'साठी लेखन केलेले होते. निर्मिती कार्सी-वर्नर या संस्थेची होती. 'द कॉस्बी शो' (१९८४–९२) आणि 'रोझॅन' (१९८८–९७) या कौटुंबिक मालिका याच संस्थेच्या. पात्रांना आवाज देणाऱ्यांत पॅट्रिक वॉरबर्टन आणि लूसी लिउ यांच्यासारखे परिचित नट होते. म्हणजे कौटुंबिक विनोदाचे तंत्र ज्यांच्या हातात पूर्ण मुरलेले होते अशा मंडळींनी ही मालिका रचली होती. बंद पडण्यामागे वाहिनीचे लहान आकारमान, प्रेक्षकांची संख्या, संगणकीय चित्रणाचा खर्च अशी व्यावहारिक कारणे असू शकतात. त्यांचा निर्णय करणे हे समीक्षेचे काम नव्हे. कृतीने स्वतःच उपस्थित केलेला प्रश्न तिला पेलला का, एवढेच समीक्षेने पाहायचे असते.

तो प्रश्न मालिकेच्या शीर्षकातच आहे. व्हिडिओ खेळ संपल्यावर त्या खेळातील माणसे काय करतात? या प्रश्नाचे मालिकेने दिलेले उत्तर असे : ती घरी जातात. रिप स्मॅशेनबर्न हा शर्यतीच्या मोटारीचा चालक. त्याची पत्नी रॅकेल ही 'टूम रेडर' (१९९६) या खेळातील लारा क्रॉफ्टच्या वळणाची साहसी नायिका. ॲलिस आणि बिली ही त्यांची किशोरवयीन मुले. आणि टर्बो नावाचा, जात निश्चित न सांगता येणारा, बोलणारा पाळीव प्राणी. हे कुटुंब उपनगरात राहते. आईवडील 'खेळा'त कामाला जातात आणि परत येतात.

२

कल्पना आकर्षक आहे, परंतु तिचा सांगाडा जुना आहे. 'द फ्लिन्टस्टोन्स' (१९६०–६६) या मालिकेने अश्मयुगात अमेरिकन उपनगर वसवले, 'द जेटसन्स'ने (१९६२–६३) तेच उपनगर भविष्यकाळात नेले. या पद्धतीचे स्वरूप समजून घेण्यासाठी संस्कृत व्याकरणातील 'स्थानी' आणि 'आदेश' या संज्ञा उपयोगी पडतात. ज्याच्या जागी दुसरे काही येते तो स्थानी. जे येते तो आदेश. आणि सामान्यतः आदेशाला स्थानीचेच धर्म प्राप्त होतात, असे व्याकरण मानते. फ्रेड फ्लिन्टस्टोनची मोटार दगडाची आहे, पण ती मोटारच आहे. ती कामावर नेते आणि कामावरून आणते. वस्तू बदलली, वाक्यरचना बदलली नाही. विनोद उत्पन्न होतो तो वस्तू आणि वाक्यरचना यांतील विसंगतीतून.

'गेम ओव्हर'मध्ये हीच आदेशप्रक्रिया आहे. कचेरीच्या जागी शर्यतीचे मैदान, गृहिणीच्या नोकरीच्या जागी भुयारे आणि राक्षस, कुत्र्याच्या जागी टर्बो. परंतु येथे एक अडचण उद्भवते, ती अश्मयुगाच्या बाबतीत नव्हती. दगडाला स्वतःचा असा काळ नसतो; त्यामुळे तो मोटारीच्या जागी विनातक्रार बसतो. व्हिडिओ खेळ ही मात्र केवळ वस्तू नव्हे. ती स्वतःच एक वाक्यरचना आहे. तिला नियम आहेत, आरंभ आणि अंत आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्यात मरणाचा एक विशिष्ट अर्थ आहे. खेळातील मोटार आदळते, चालक मरतो आणि पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो. हा चालक कौटुंबिक मालिकेतील वडिलांच्या जागी आदेश म्हणून आला की त्याला स्थानीचे धर्म लागू होतात आणि स्वतःचे लोप पावतात. त्याचे आदळणे म्हणजे 'कचेरीतला एक वाईट दिवस' एवढेच उरते. खेळाचा सर्वांत विलक्षण धर्म, म्हणजे मरून परत येणे, हा कुटुंबाच्या वाक्यरचनेत उच्चारताच येत नाही.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. सामाजिक प्रश्नांनी पेटून उठणारी मुलगी आणि हिप-हॉपच्या नादी लागलेला मुलगा ही ॲलिस आणि बिलीची ओळख खेळाने दिलेली नाही. ती कौटुंबिक मालिकांच्या ठरलेल्या साच्यांतून आलेली आहे. आईवडील खेळातून आले आणि मुले मालिकेतून. एका घरात दोन रूपबंधांची माणसे राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत, अशी ही स्थिती आहे. ती जाणीवपूर्वक वापरली असती तर तीतून फार मोठा विनोद साधता आला असता.

३

या अडचणीचे मूळ काळात आहे. मिखाईल बाख्तिन यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या स्थलकालबंधविषयक निबंधात प्राचीन ग्रीक प्रेमकथांतील 'साहसकाला'चे विवेचन केले आहे. नायक-नायिकेची भेट आणि त्यांचा विवाह या दोन बिंदूंच्या मध्ये वादळे, चाचे, कैद, वियोग असा असंख्य घटनांचा प्रदेश पसरलेला असतो. पण त्या घटनांची कोणतीही खूण पात्रांवर उमटत नाही. शेवटी ती एकमेकांना भेटतात तेव्हा पहिल्या भेटीइतकीच तरुण आणि सुंदर असतात. साहसकाल हा चरित्रकालातून वगळलेला काळ असतो.

व्हिडिओ खेळाचा काळ हे साहसकालाचे शुद्धतम रूप म्हणता येईल. ग्रीक कथेतील नायक निदान एकदाच संकटातून जातो. खेळातील नायक त्याच संकटातून शंभर वेळा जातो आणि शंभराव्या वेळी पहिल्याइतकाच कोरा असतो. शिकतो तो खेळाडू, पात्र नव्हे. अनुभव साठतो तो पडद्याच्या अलीकडे.

येथे 'गेम ओव्हर' या शब्दांचा मूळ वापर लक्षात घ्यावा. नाण्यावर चालणाऱ्या पिनबॉल यंत्रांवर आणि पुढे व्हिडिओ खेळांच्या पडद्यावर उमटणारी ही सूचना पात्राला उद्देशून नसते. ती खेळाडूला उद्देशून असते आणि तिचा व्यावहारिक अर्थ 'आणखी एक नाणे टाका' असा असतो. आपल्याकडे 'खेळ खलास' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात मृत्यूची, अपरिवर्तनीयतेची छटा असते. यंत्रावरच्या सूचनेत ती नाही. यंत्राला खेळ कधीच खलास होऊ द्यायचा नसतो. मालिकेने हे शब्द शीर्षकासाठी उचलले आणि त्यांचा रोख खेळाडूकडून पात्राकडे वळवला. ही कल्पना खरोखर प्रतिभेची होती. पात्राच्या दृष्टीने खेळ संपणे म्हणजे काय, या प्रश्नाला जागा मिळत होती.

परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी चरित्रकाल आवश्यक आहे. 'नंतर' या शब्दाला अर्थ येतो तो पूर्वीच्या घटनेचा काही परिणाम शिल्लक राहिला तरच. आणि मालिकेने ज्या रूपबंधाकडे धाव घेतली, तो रूपबंध स्वतःच परिणामशून्य काळाचा आहे. कौटुंबिक विनोदी मालिकेत प्रत्येक भागाच्या आरंभी कुटुंबाची घडी असते, मध्ये ती विस्कटते आणि शेवटी पूर्ववत बसते. पुढचा भाग कोऱ्या पाटीवर सुरू होतो. १९८९ साली स्वतंत्र मालिका म्हणून 'द सिम्पसन्स' सुरू झाली तेव्हा बार्ट सिम्पसन दहा वर्षांचा होता. तो आजही दहाच वर्षांचा आहे. सचेतनपटात नटाचे वय वाढण्याची अडचणही नसते, त्यामुळे तेथे हा नियम निरपवाद होऊ शकतो.

जिवंत नटांच्या मालिकांतही त्याची सत्ता किती प्रबळ आहे, याचे उदाहरण याच निर्मितीसंस्थेच्या 'रोझॅन'मध्ये सापडते. कामगार कुटुंबातील थकवा, थकलेली बिले, सोडलेली नोकरी यांच्या खुणा घरात राहू देणारी ती मालिका होती. १९९७ च्या अखेरच्या भागात नायिकेचा पती डॅन हा आधीच हृदयविकाराने मरण पावला होता, असे उघड करण्यात आले. २०१८ साली मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा डॅन जिवंत होता. खेळाच्या भाषेत सांगायचे तर, मागच्या सुरक्षित टप्प्यापासून डाव पुन्हा सुरू करण्यात आला.

तेव्हा 'गेम ओव्हर'ने खेळातील पात्रांना खेळातून बाहेर काढले आणि दुसऱ्या खेळात नेऊन बसवले, असे म्हणावे लागते. या दुसऱ्या खेळाचे नाव 'घर' आहे आणि त्याचेही नियम तेच आहेत : काहीही घडो, सारे पुन्हा पहिल्यासारखे.

४

या ठिकाणी मालिकेने केलेली एक अदलाबदल पाहण्यासारखी आहे. 'नंतर' हा कालवाचक प्रश्न तिने स्थलवाचक करून टाकला. खेळानंतर काय होते, याऐवजी खेळाच्या मागे काय असते, हे ती दाखवते. मराठीत 'मागे' हा शब्द स्थळ आणि काळ या दोहोंसाठी वापरला जातो. 'घराच्या मागे' आणि 'दहा वर्षांमागे' हे दोन्ही प्रयोग आपण सहज करतो. मालिकेतील घर हे पहिल्या अर्थाने खेळाच्या मागे आहे, नाट्यगृहातील नेपथ्यगृहासारखे. दुसऱ्या अर्थाने तेथे काहीही मागे राहिलेले नाही. शर्यत संपून नट रंग उतरवण्यासाठी आत येतो, इतकाच तो बदल आहे.

भातुकलीशी तुलना केली तर हे अधिक उमगेल. भातुकलीत मुले घराचा खेळ करतात. येथे खेळाचे घर झाले आहे. पण भातुकलीत एक गंभीर व्यवहार दडलेला असतो : मुले मोठेपणाची, म्हणजे अजून न आलेल्या काळाची, तालीम करत असतात. भातुकलीला 'पुढे' असते. स्मॅशेनबर्न कुटुंबाच्या घराला 'मागे'ही नाही आणि 'पुढे'ही नाही.

विडंबनाच्या दृष्टीनेही ही मोठी हुकलेली संधी होती. साहसकालाचे विडंबन कसे करावे, याचा धडा व्हॉल्टेअर यांच्या 'कांदीद' (१७५९) या कादंबरीने घालून दिला आहे आणि बाख्तिन यांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. तेथे ग्रीक कथेतील सारी साहसे आहेत, पण शेवटी नायक नायिकेपर्यंत पोचतो तेव्हा क्युनेगाँद वयस्क आणि कुरूप झालेली असते. साहसांच्या मधल्या काळात खरा काळ गेला, एवढे एकच सत्य व्हॉल्टेअर यांनी त्या रचनेत सोडले आणि तिचा डोलारा कोसळला. रॅकेलला किशोरवयीन मुलगी आहे. कधीही न थकणाऱ्या, कधीही म्हातारी न होणाऱ्या साहसी नायिकेला मुलगी असणे हीच मुळात काळ गेल्याची साक्ष आहे. हे पात्र रचतानाच मालिकेच्या हातात व्हॉल्टेअर यांचे हत्यार आले होते. तिने ते वापरले नाही. मुलीचे असणे हे केवळ कुटुंबाच्या साच्याची पूर्तता म्हणून स्वीकारले.

५

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, विनोदी रूपबंधाकडून चरित्रकालाची अपेक्षा करणे हा प्रकारभेदाचा अपराध आहे. घडी पुन्हा बसणे हाच विनोदाचा आनंद आहे आणि त्याला वैगुण्य मानणे म्हणजे अभंगात कथानक शोधणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. 'द सिम्पसन्स'ने हाच स्थिर काळ वापरून अमेरिकन समाजाची तीव्र उपहासात्मक समीक्षा केली. तथापि त्या मालिकेने 'नंतर'चा प्रश्न मांडलेला नव्हता. कृतीला बाहेरून निकष लावणे गैर असले, तरी तिने स्वतःच स्वीकारलेला निकष तिला लावणे गैर ठरत नाही.

शिवाय हा प्रश्न त्या माध्यमांत सुटण्याजोगा होता, याचे पुरावे आहेत. 'रीबूट' (१९९४) ही कॅनडातील संगणकनिर्मित मालिका 'गेम ओव्हर'च्या दहा वर्षे आधीची. संगणकाच्या आत वसलेल्या नगरावर बाहेरच्या वापरकर्त्याचे खेळ कोसळतात. वापरकर्ता जिंकला तर त्या भागातील रहिवासी आपले मूळ रूप गमावून बसतात. आपला खेळ हा दुसऱ्या कोणाचा तरी विनाश असू शकतो, ही जाणीव येथे रचनेच्या पायाशीच आहे. तिसऱ्या पर्वात एन्झो हा लहान मुलगा एक खेळ हरतो, एका खेळातून दुसऱ्या खेळात भटकत राहतो आणि कठोर, एक डोळा गमावलेला प्रौढ होऊन परततो. त्या पर्वाच्या अखेरीस यंत्रणेचा पुनरारंभ होतो आणि पूर्वीचा लहान एन्झो पुन्हा निर्माण होतो. परंतु वाढलेला एन्झो नाहीसा होत नाही. दोघे एकाच नगरात उरतात. पुनरारंभाने बालपण परत मिळाले, पण गेलेला काळ पुसला गेला नाही. साहसकाल आणि चरित्रकाल यांना समोरासमोर उभे करण्याची ही रीत कोणत्याही गंभीर कादंबरीला शोभावी अशी आहे.

दुसरा पुरावा खेळाच्या बाजूने येतो आणि त्याचे साल विशेष बोलके आहे. 'द सिम्स' (२०००) या खेळात खेळाडू एक कुटुंब सांभाळतो. त्यातील प्रौढ कधी वृद्ध होत नसत आणि मुले कधी मोठी होत नसत. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या 'द सिम्स २' या खेळात मात्र पात्रे जन्मतात, वाढतात, म्हातारी होतात आणि मरतात. आईवडिलांची चेहरेपट्टी मुलांत उतरते. खेळाडू डाव जतन न करता बाहेर पडून मृत्यू टाळू शकतो, हे खरे. परंतु तो टाळावासा वाटणे हेच नवे होते. ज्या वर्षी दूरचित्रवाणीने खेळातील माणसांना वय न देता घर दिले, त्याच वर्षी खेळाने आपल्या घरातील माणसांना वय दिले.

तिसरे उदाहरण 'रेक-इट राल्फ' (२०१२) या चित्रपटाचे. खेळघर बंद झाल्यावर पात्रे काय करतात, ही कल्पना 'गेम ओव्हर'च्या फार जवळची आहे. पण येथे एक नियम घातलेला आहे : जो स्वतःच्या खेळाबाहेर मरेल तो परत येणार नाही. एका नियमाने 'बाहेर' या स्थलवाचक शब्दाला कालवाचक वजन प्राप्त झाले. घराबाहेर पडणे म्हणजे मर्त्य होणे. 'गेम ओव्हर'मध्ये नेमका हाच नियम नाही. खेळाबाहेर पडून तेथे कोणी काहीही पणाला लावत नाही.

६

या चर्चेतून निघणारा मुद्दा एका मालिकेपुरता नाही. योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळ हा स्थळकाळाने मर्यादित आणि पुनरावृत्तिक्षम असतो, असे प्रतिपादन केले. खेळाच्या वर्तुळाबाहेर सामान्य जीवन आहे आणि तेथे केलेल्या गोष्टी परत घेता येत नाहीत, हे त्या प्रतिपादनात गृहीत आहे. लोकप्रिय करमणुकीने हे गृहीतक शांतपणे बदलले. जेथे परिणाम अटळ असतात त्या घराचेच तिने पुनरावृत्तिक्षम वर्तुळ केले. नोकरी जाते आणि पुढच्या आठवड्यात असते, भांडण होते आणि त्याचा वळ उरत नाही. या घराची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते एका रूपबंधाने रचलेले आहे, हे ध्यानात येत नाही. 'गेम ओव्हर'चे महत्त्व असे की, तिने खेळातील माणूस या घरात आणला आणि त्याला तेथे काहीच परके वाटले नाही. शर्यतीच्या रेषेवरून तो दिवाणखान्यात आला. दोन्हीकडे नियम एकच होता.

यातून श्रमाचाही एक प्रश्न अर्धवट डोकावतो. आपली करमणूक ही रिप आणि रॅकेलची नोकरी आहे. खेळणाऱ्याचा विरंगुळा म्हणजे खेळवल्या जाणाऱ्याचे काम, ही मालिकेतील सर्वांत मूलगामी सूचना होय. 'रोझॅन'च्या निर्मितीसंस्थेकडून ती यावी, यातही औचित्य होते. त्या मालिकेत काम घरात थकव्याच्या रूपाने शिरत असे. रिपचे आदळणे तसे घरात शिरते, त्याचे शंभर मृत्यू जेवणाच्या टेबलावर त्याच्यासोबत बसते, तर मालिका आपल्याला कदाचित हसवू शकली नसती. कदाचित अधिक खोल हसवू शकली असती. सहा भागांच्या अवकाशात ती शक्यता उमलली नाही, आणि ती उमलण्यासाठी केवळ अधिक भाग पुरेसे होते असेही रचना पाहता म्हणता येत नाही. कारण सातव्या भागाचा आरंभही पहिल्या भागाच्या आरंभासारखाच झाला असता.

डिजिटल माध्यमांतील कथनाचा विचार आपल्याकडे करू पाहणाऱ्या अभ्यासकांनी म्हणून पात्र, कथानक, भाषा यांच्या बरोबरीने एक साधा प्रश्न प्रत्येक संहितेला विचारावा : येथे घडलेले काय परत घेता येत नाही? 'कांदीद', 'रीबूट', 'द सिम्स २' यांच्याकडे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. 'गेम ओव्हर'कडे उत्तर नाही; प्रश्न मात्र तिने विचारला होता आणि तो अद्याप विचारण्याजोगा आहे.